सुईतली खदान

देवाजी सरदार आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, माझ्या बायकोला जयभीम केला, हातातली काठी उलटी धरली आणि बैठकीच्या खोलीचं छत ठोकायला सुरुवात केली. काठीनं ठोकायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवायची, अशी ती रीत. हात पुरेना, म्हणून ते आमच्या दिवाणावर चढले. डोळे मिटून, मान तिरकी करून त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात ऐकलं. पाहुणा दिवाणावर उभा असताना यजमानानं बसावं की नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आणि शालिनी हात जोडून उभे राहिलो.

"बसा आता," सरदार खाली उतरून आम्हालाच म्हणाले. "छत चांगलं आहे."

पोहे आले आणि त्यांच्याच ठोकण्यानं सुटलेला चुन्याचा पापुद्रा बरोबर त्यांच्या बशीत पडला. सरदारांनी तो चिमटीत धरून बाजूला ठेवला. "हे छत नोहे, हा चुना," ते म्हणाले. "चुना खोटं बोलते. छत नाई बोलत."

सरदार म्हणजे कुणा संस्थानाचे नव्हेत. कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली, एका टोळीच्या जिवाची जबाबदारी ज्या माणसावर असते त्याच्या हुद्द्याचं नाव सरदार. आमची खाण माजरीच्या पलीकडे. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि देवाजी सरदारांचं गाव तिकडे, आरमोरीकडच्या जंगलात गेलं होतं. ते म्हणायचे, "मी इथी खाली होतो. वर आलो त माहा जिल्हा बदलला."

खाणीत कामाला हात लावण्याआधी सरदारानं छत ठोकून पाहायचं असतं. छत पक्कं असेल तर काठी टणटणीत वाजते. वरचा दगड सुटायला आला असेल तर आवाज भद्द येतो, पोकळ माठासारखा. टण आणि भद्द यांच्यामध्ये टोळीतल्या माणसांचे जीव असतात. हे ज्ञान सरदारांनी आयुष्यभर कमावलं होतं आणि ते खाणीच्या तोंडाशी सोडून घरी येणं त्यांना जमत नव्हतं.

ते एसटीत चढले की टपावर ठोकायचे. ड्रायव्हर घंटी समजून गाडी थांबवायचा. लग्नाच्या मांडवात, जिथे छत म्हणजे नुसतं कापड, तिथे बांबू ठोकायचे. विहारात वंदनेच्या आधी ठोकायचे आणि सगळे शांतपणे थांबायचे, कारण त्यांचं समाधान झाल्याशिवाय ते कुणाला डोळे मिटू देत नसत. एकदा आम्ही चंद्रपूरला सिनेमा पाहायला गेलो. थिएटरचं छत उंच, काठी पोचेना. सरदार पूर्ण सिनेमाभर वर पाहत बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"पंखे ढिले आहेत," ते म्हणाले. मग मागे वळून बाहेर पडणाऱ्या गर्दीकडे पाहून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "सगळे वर आले काय?"

हा त्यांचा दुसरा नेम. पाळी संपली की टोळीतला शेवटचा माणूस वर आल्याशिवाय ते स्वतः वर येत नसत, आणि वर आल्यावर हा प्रश्न विचारून, उत्तर ऐकूनच डबा उघडत. त्यांचा डबा खाली कधी उघडलेला कुणी पाहिला नाही. पंगतीत बसले तरी तेच. वाढपी जिलबी घेऊन समोर उभा, आणि सरदार मांडवभर नजर फिरवून विचारताहेत, "सगळे वर आले काय?" कुणीतरी "आले जी आले" म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडात घास जायचा नाही. स्वतःच्या मुलीची पाठवणी झाली तेव्हा वरातीची बस निघताना त्यांनी हेच विचारलं. वऱ्हाडी म्हणाले, "आले." मग ते मांडवामागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

माझी आणि त्यांची गट्टी का जमली, हे सांगायला मला माझ्याबद्दल थोडं बोलावं लागेल. मी खाणीच्या हजेरी कार्यालयात बाबू होतो. मला अपराधी वाटायला फार काही लागत नाही. माझ्यासमोरून धावत जाणाऱ्या माणसाची बस चुकली, तर मला वाटतं आपण वाटेत उभे होतो म्हणून चुकली असेल. तेव्हा जमिनीवर, पंख्याखाली, बसून खाली जाणाऱ्या माणसांच्या नावापुढे खुणा करणं मला किती जड जात असेल याची कल्पना करा. मी पहिल्या पाळीला खिडकीतून प्रत्येकाला नमस्कार करायचो. माणसं घाबरायची. एकजण तर म्हणाला, "बाबू, आज काही होणार आहे काय खाली? एवढे हात काऊन जोडून राह्यले?"

सरदारांना मात्र माझ्या स्वभावाचं निदान पहिल्याच दिवशी झालं होतं. "बाबू," ते म्हणाले, "तुमच्या वरचं छत पक्कं आहे. तुमीच खालून ठोकून ठोकून सैल करून राह्यले."

अलीकडे त्यांच्या सवयी वाढत चालल्या होत्या. आमच्या घरी पूर्वी महिन्यातून एखादवेळी येत, आता रविवारी टीव्हीच्या निमित्तानं आणि मधल्या वारीही येत, दर वेळी तेच छत ठोकत. टीव्हीचा आवाज एवढा वाढवत की शेजारचे आपला टीव्ही बंद करून आमचाच ऐकत. शालिनी म्हणे, खाणीतल्या मशिनींची सवय असेल. तिकडे कार्यालयात तक्रार येत होती की देवाजी सरदारांच्या भागात छताला टेकू लावायच्या बल्ल्या फार लागतात. जंगलातून ट्रक भरून आलेलं लाकूड एकटेच संपवतात. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "झाडायचं काय, पुन्हा उगवते."

आता त्या झाडाकडे येतो.

मॅनेजर साहेबांच्या बंगल्यात एक चीडाचं, म्हणजे पाइनचं, झाड होतं. डोंगरातलं झाड, सुयांसारख्या पानांचं, जे आमच्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात वाळून जायला हवं. आधीच्या कुठल्यातरी साहेबानं हौसेनं लावलं होतं आणि खाणीतून उपसलेलं पाणी त्याच्या मुळाशी वाहत असल्यानं ते जगलं होतं. साहेबांच्या मॅडम हिमालयातल्या, कुमाऊंकडच्या. आवाज इतका हळू की त्या काय बोलल्या ते त्यांच्या ओठांवरून ओळखावं लागे. साहेब दिवसभर खाणीत किंवा दौऱ्यावर. कॉलनीतल्या बायका त्यांना घाबरून असत आणि त्या कॉलनीतल्या बायकांना. दुपारी त्या चीडाखाली खुर्ची टाकून बसायच्या आणि पायाने जमिनीवरच्या सुया गोळा करत राहायच्या.

त्या झाडाच्या सुया टोकाकडून तपकिरी व्हायला लागल्या. बगीचा हे माझं वरकड काम, त्यामुळे मला बोलावणं आलं. बंगल्यातलं झाड वाळतंय म्हटल्यावर ते माझ्यामुळेच वाळतंय याबद्दल माझी खात्री झाली. माळी म्हणाला वाळवी. तालुक्याहून आणलेल्या शेतकी माणसानं औषध लिहून दिलं आणि जाताना विचारलं, "हे झाड कायचं आहे?"

त्या दिवशी सरदार पाळी संपवून माझ्याबरोबर होते. त्यांनी झाडाच्या बुंध्यावर काठी ठोकली, मग एक वाळकी सुई तोडून अंगठ्याच्या नखानं उभी चिरली. आत एक अळी होती. शिवणाच्या दोऱ्याएवढी. सुईच्या आत, दोन्ही बाजूंच्या सालीला धक्का न लावता, तिनं मधला गर खाऊन सरळ बोगदा काढला होता. मागे भुकटीचा ढीग, पुढे काम चालू.

सरदार बघतच राहिले. मग काठी खाली ठेवून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाबू," ते म्हणाले, "हा त आपला माणूस आहे."

पुढचा सगळा तास त्यांनी मॅडमना त्यांच्या हिंदीत खाणकाम समजावून सांगितलं. ही इथून शिरली. हा चुरा, म्हणजे आपला माल, इथून बाहेर टाकला. आतून रेशमाचा पडदा लावला, म्हणजे टेकू. आणि टोकाला हे गोल भोक, त्यावर पातळ झाकण. "ये दूसरा रस्ता, मॅडम. पतंग होके उडनेवाला है ना, उसको दात नहीं रहते. तो दात है तबतक बाहर का रस्ता बना के रखता है, फिर सोता है." नंतर माझ्याकडे वळून, "दोन रस्ते असल्याशिवाय आत जाऊ नाई म्हणून कायदा आहे. ह्याले कोणी सांगितला?"

त्यांच्या सांगण्यात सगळंच खरं नव्हतं. त्यांच्या मते वरच्या फांदीवरच्या अळ्या पहिल्या पाळीच्या, खालच्या दुसऱ्या, आणि आळशी होत्या त्या युनियनच्या. पण मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"लेकिन ये यहाँ आया कैसे?" त्यांनी विचारलं.

सरदारांनी विचार केला. मॅडम माहेराहून परतताना दरवर्षी चीडाच्या फांद्या आणून दिवाणखान्यात फुलदाणीत ठेवतात, हे माळ्याकडून कळलं होतं. "आपके मायके से," सरदार म्हणाले. "बदली पे आया."

यानंतर औषध मारायची गोष्ट अवघड झाली. मॅडम म्हणाल्या, झाडही जगलं पाहिजे. पण ही अळीही लांबून आलेली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्याही बाजूनं निर्णय दिला तरी कुणीतरी मरणार होतं, त्यामुळे मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"मेरे पे छोड दो," सरदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर पोचलो तर झाडाखाली जंगलातल्या बल्ल्या उभ्या होत्या. प्रत्येक झुकलेल्या फांदीला एक, खाली पाचर मारून पक्की केलेली. खाणीत कोळशाच्या धुळीनं पेट घेऊ नये म्हणून दगडाची पांढरी भुकटी शिंपडतात. ती सरदारांनी झाडाभोवती, झाडावर आणि चुकून मॅडमच्या कुत्र्यावर शिंपडली होती. बुंध्याला लाल रंगात मोठा बाण काढला होता, बाहेर जायचा रस्ता दाखवणारा. अपघातात हाडं मोडून प्लास्टरमध्ये, कुबड्यांवर उभ्या असलेल्या माणसासारखं ते झाड दिसत होतं.

"हे काय केलं, सरदार?"

"झाडाचं वजन झाडावर नाई पडाव. मंग त्याले ताकद उरते. दुखणं सोसाची." ते पाचर ठोकत राहिले. "भुकटी आपली रीत म्हणून टाकली."

"आणि हा बाण?"

"नवीन कामगार आहेत, बाबू. रस्ता नाई चुकाव."

तेवढ्यात साहेब दौऱ्यावरून परत आले. जीप फाटकातच थांबली. साहेबांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग पांढऱ्या कुत्र्याकडे, मग माझ्याकडे. नजर माझ्यावर थांबावी अशी माझी मुद्रा असते.

"ये बगीचा है या खदान?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मॅडम पायऱ्या उतरून आल्या आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मैंने करवाया." साहेब कुत्र्याला वळसा घालून आत गेले.

तेव्हापासून सरदार रोज पाळी संपली, डबा खाल्ला, की बंगल्यावर. माझ्या हद्दीतलं काम म्हणून मलाही जावं लागे. एके दुपारी त्यांनी एक सुई तोडली, कानाशी धरली, डोळे मिटले आणि छत ऐकताना करत तशी मान तिरकी केली.

"चालू आहे काम," ते गंभीरपणे म्हणाले.

मला ऐकवलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मी तसं सांगितलं आणि सांगितल्याबद्दल मला वाईट वाटलं. "बाबूचे कान कागदाचे," सरदार म्हणाले. "फाइल फडफडली का उठून बसतात." मग सुई मॅडमकडे गेली. मॅडमनी ती कानापाशी धरली. बराच वेळ. वाऱ्यानं बल्ल्यांवरच्या फांद्या किंचित करकरत होत्या.

"हाँ," मॅडम म्हणाल्या. "कुछ कुतर रहा है. बारीक, बारीक."

मला वाटलं सरदार खूश होतील. त्यांनी सुई परत घेतली, पुन्हा कानाशी धरली. मग दुसऱ्या कानाशी. मग सावकाश पायरीवर ठेवली, काठी उचलली आणि चहा न पिता निघून गेले. चहा टाकून जाणारे सरदार मी पाहिले नव्हते.

त्यानंतरच्या दिवसांत कॉलनीत ठोकाठोकीचा कहर झाला. त्यांनी दवाखाना ठोकला, रेशन दुकान ठोकलं, शाळेत वर्ग चालू असताना ठोकलं. हजेरी कार्यालयात येऊन माझ्या डोक्यावरचं छत ठोकलं आणि वरचा पंखा डुलला तसा मी टेबलाखाली गेलो. माणसं हसत होती. मीही हसलो असतो, पण सरदार आता ठोकल्यावर "चांगलं आहे" म्हणत नव्हते. ठोकायचे, थांबायचे, पुन्हा ठोकायचे आणि काही न बोलता जायचे.

एका भर दुपारी ते माझ्या घरी आले. "बाबू, चला थोडे माह्यासंग."

ते मला कॉलनीच्या टोकाला, पडक्या क्वार्टरांपाशी घेऊन गेले. तिथल्या एका खोलीचा स्लॅब सुटायला आलेला होता, आत जाऊ नये म्हणून दारात काटे टाकलेले. सरदार उंबरठ्यावर थांबले. मला हातानं मागे धरून त्यांनी काठी आत लांबवली आणि आतल्या छतावर ठोकली.

"काय ऐकलं?"

"भद्द."

मग उंबरठ्याच्या वरच्या, छताच्या पक्क्या भागावर ठोकलं. "अन् आता?"

"टण."

सरदारांनी काठी जमिनीला टेकवली. "मले दोनी सारखेच," ते म्हणाले.

टोळीतली सगळी माणसं मला नावानिशी ठाऊक होती. रोज त्यांच्या नावापुढे मीच खूण करायचो.

"कधीपासून?"

"एक साल झालं अशीन. बारूद फुटून फुटून कान गेले. आधी मले वाटे, छतंच नरम पडून राह्यले." ते थोडं हसले. "तुमच्या घरी काऊन येत होतो मंग एवढ्या डाव? तुमचं छत मले पाठ आहे. आवाज तोच येते काय, पाहाले येत होतो. तुमी बिचारे पोहे करत बसे."

"आणि खाली?"

"खाली हातानं पायतो. बोटं अजून खरं सांगतात. जिथी बोट नाई पुरत, तिथी बल्ली लावून देतो. शक नाई ठेवत." बल्ल्यांच्या तक्रारीचा अर्थ मला तेव्हा लागला. "पण बाबू, बोटायच्या भरवशावर किती दिस? मनाले समजावत होतो का एवढं काही गेलं नाई. त्या सुईत काही ऐकू येते थोडी? मी त मॅडमले हसवाले म्हटलं. अन् बाई म्हंते, ऐकू येते. त माह्या मनात आलं का दुनियेले बारीक बारीक बी ऐकू येते, अन् मले छत नाई ऐकू येत."

"सरदार, त्यांनाही काही ऐकू आलं नसेल. तुमचं मन राखायला म्हणाल्या असतील. सुईतली अळी कुणालाच ऐकू येत नाही."

"नसन येत," ते म्हणाले. "पण हे त आलं ना तुमाले." आणि त्यांनी काठीनं आतल्या छताकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले नाहीत. दवाखान्यात कान तपासून घेतले आणि कागद घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. मीही मागे उभा होतो, कारण एकट्यानं घरी बसणं मला जमलं नसतं. साहेब वाईट माणूस नव्हते. सरदारांची निवृत्ती जवळ आली होती, खाणीत त्यांच्यासारखा माणूस नव्हता. साहेब कागदाकडे पाहत म्हणाले, "थोडे ही महीने तो बचे हैं, सरदार. किसी को पता नहीं."

"मेरे को पता है ना, साहब," सरदार म्हणाले.

त्यांनी आपली काठी साहेबांच्या टेबलावर आडवी ठेवली. ती तिथे फारच लांब दिसत होती. साहेबांनी ती त्यांना परत दिली, पण हुद्दा दुसऱ्याला गेला आणि देवाजी सरदार वरच्या कामावर, म्हणजे माझ्या हाताखाली, बगीच्याला आले.

माझ्या हाताखाली सरदार. मी रोज त्यांना काम सांगताना इतका अवघडायचो की शेवटी त्यांनीच मला काम सांगायला सुरुवात केली, "बाबू, मले म्हणा, रोपायले पाणी घाला." मी म्हणायचो. ते घालायचे.

पण ठोकणं थांबलं. आमच्या घरी आले, चपला काढल्या आणि सरळ बसले. शालिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. "छत नाही पाहत आज?" तिनं विचारलं.

"तुमीच पाहा आता, बाई," ते म्हणाले.

त्यांची बायको जनाबाई एकदा माझ्या खिडकीशी आल्या. "बाबू, यायचा डबा जसाचा तसा वापस येते. लाखोळीच्या डाळीचे वडे करून देतो, ते बी वापस. काही बोलत नाई. तुमी विचारा." मला विचारायची गरज नव्हती. सरदारांच्या टोळीतला कुणी आता त्यांच्या नावावर खाली जात नव्हता. पाळी सुटायच्या वेळी ते खाणीच्या तोंडाकडे पाठ करून रोपांना पाणी घालत. सगळे वर आले काय, हे विचारायचा त्यांना हक्क उरला नव्हता, आणि ते न विचारता खायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चीडाचं झाड मात्र तगलं. बल्ल्यांमुळे, भुकटीमुळे की दोन्हींना न जुमानता, सांगता येणार नाही. टोकांना नव्या हिरव्या सुयांचे झुबके आले. सरदार रोज एक जुनी सुई तोडून मॅडमकडे नेत. मॅडम ती कानाशी धरत आणि बातमी देत. आज जोरात चाललंय. आज थोडं मंद आहे. आज बहुतेक सुट्टी. सरदार मान हलवत ऐकत आणि प्रत्येक बातमीवर काहीतरी शेरा मारत.

एक दिवस मला राहवलं नाही. परतताना मी म्हटलं, "सरदार, तुम्हाला माहीत आहे ना, मॅडम ते सगळं मनचं सांगतात?"

"मालूम आहे जी."

"मग रोज का नेता?"

ते चालत राहिले. "दिवसभर तिले कोणी काही विचारत नाई, बाबू," ते म्हणाले. "मी विचारतो."

उन्हाळा लागायच्या तोंडावर एका संध्याकाळी मॅडमचा माळी मला धावत बोलवायला आला. मी पोचलो तेव्हा दोघे झाडाखाली मान वर करून उभे होते. सुयांच्या टोकांवरची ती पातळ झाकणं उघडत होती. एकेक पतंग बाहेर येऊन सुईवर बसत होता. तांदळाच्या कणीएवढा, राखाडी, पंखांवर चांदीची बारीक रेघ. थोडा वेळ ओल्या कपड्यासारखे पंख वाळवायचे आणि मग झाडाभोवती उडायला लागायचे. पाहता पाहता सगळं झाड धुरकट, हलतं दिसू लागलं. सरदारांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांच्या टकलावरही एक येऊन बसला होता.

खाणीचा भोंगा झाला. पाळी सुटली. सरदारांनी भोंग्याकडे पाहिलं नाही, त्यांना तो नीट ऐकू आला की नाही कोण जाणे. ते झाडाकडेच पाहत होते. बऱ्याच वेळानं ते पुटपुटले. सवयीनं, कुणाला उद्देशून नाही.

"सगळे वर आले काय?"

मी बोलणार, तेवढ्यात मॅडम सरदारांच्या अगदी जवळ गेल्या. त्यांच्या कानाशी वाकून, त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता इतक्या मोठ्यानं, फाटकापाशी उभ्या ड्रायव्हरनं वळून पाहावं इतक्या मोठ्यानं, त्या मराठीत म्हणाल्या:

"आले जी. सगळे वर आले."

सरदारांनी मान हलवली. मग ते पायरीवर बसले, पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि वडे आम्हा दोघांच्या हातावर ठेवून खायला लागले.